बदललेले इंजिन आणि अडखळणारी गाडी



वसंत व्याख्यानमाला म्हटली की श्रोत्यांच्या मनात काही विषय आधीच ठरलेले असतात. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात ही परंपरा सुरू झाली, तेव्हापासून इतिहास, धर्म, अर्थकारण आणि साहित्य हे या व्यासपीठाचे मानकरी होऊन बसले आहेत. अंबरनाथच्या शके ९८२ मधील शिवालयावर येथे कोणी बोलले तर त्यात नवल वाटणार नाही. त्या मानकऱ्यांच्या पंगतीत आम्ही आज प्लग, पॉइंट आणि कार्ब्युरेटर घेऊन बसत आहोत, तेव्हा थोडा संकोच वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या अंबरनाथात शिवालय आहे त्याच अंबरनाथात यंत्रसामग्रीचे कारखाने आहेत. आणि १९४७ नंतर सिंधमधून निर्वासित होऊन आलेल्या माणसांनी लष्करी छावणीच्या बराकींत जे उल्हासनगर उभे केले, ते मुख्यतः हातातील हुन्नरावरच उभे केले. हत्यारावर पोट भरणाऱ्या गावांत यंत्राच्या दुखण्याची चर्चा अस्थानी ठरू नये, एवढीच आमची विनंती आहे.

आजचा प्रश्न असा. एखाद्या गृहस्थाची गाडी जुनी आहे. इंजिन दमले, म्हणून त्याने दुसरे इंजिन आणून बसविले. पैसे मोजले, नारळ फोडला, गाडी सुरू झाली. रस्त्यावर ती बरी पळते; पण उल्हासनगरच्या गर्दीत उभी राहिली की थरथरू लागते, हुंदके देते आणि मागच्या गाडीवाल्याने भोंगा वाजवताच नेमकी बंद पडते. गॅरेजच्या भाषेत, गाडी ‘स्लोला मिसिंग करते’. मग मालक म्हणतो, आम्हांला खराब इंजिन गळ्यात मारले. विकणारा म्हणतो, इंजिन चोख होते, तुमच्या मिस्त्रीला बसविता आले नाही. मिस्त्री म्हणतो, कार्ब्युरेटर नवा घ्या. तिघांच्या या भांडणात पैसा मात्र एकाच्याच खिशातून जातो.

बदलापूर हे नाव कसे पडले याची एक कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. पूर्वी या वाटेने जाणारे स्वार येथे दमलेले घोडे बदलीत, म्हणून हे बदलापूर, असे लोक सांगतात. इतिहासाच्या कसोटीला ही व्युत्पत्ती कितपत उतरते हे पंडितांनी ठरवावे; आमच्या विषयाला मात्र ती फार सोयीची आहे. कारण घोडा बदलणारा स्वार नव्या घोड्यावर नुसती उडी मारीत नसे. खोगीर जुनेच असे, पण नव्या घोड्याच्या पाठीवर ते बसते की नाही हे तो पाही, तंग पुन्हा कशी, रिकीब आणि लगाम तपाशी. हे न करता जो निघेल, तो पहिल्याच ओढ्यात घोड्याला दोष देत पडेल. इंजिन बदललेल्या गाडीचेही असेच आहे. आमचे सांगणे थोडक्यात एवढेच की, अशा गाडीची थरथर बहुधा इंजिनाच्या पोटात नसते. जुनी गाडी आणि नवे इंजिन जेथे जेथे एकमेकांना जोडले गेले, त्या सांध्यांत ती असते. तेव्हा शोध सांध्यांपासून सुरू करावा.

आपल्या भागात इंजिन बदलण्याचे प्रसंग का येतात, हेही पाहू. झीज हे एक कारण सर्वत्र आहेच. दुसरे कारण आपल्या नदीचे. २६ जुलै २००५ चा पूर आपण विसरलेलो नाही. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्याने वेढली गेली, तेही आठवत असेल. अशा पुरात दारापुढची गाडी बुडते. पाणी ओसरल्यावर घाईने कोणी स्टार्टर मारतो. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरात पाणी असता पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन कामातून जाते. मालक इंजिन बदलतो. परंतु ध्यानात घ्या, इंजिन बदलले तरी पुराच्या पाण्यात भिजलेल्या तारा, त्यांची गंजलेली टोके आणि टाकीच्या तळाचा गाळ हे सारे गाडीत तसेच राहिलेले असते.

आता उदाहरणासाठी पद्मिनी घेऊ, कारण ती आपल्या घरची गाडी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली, आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीच्या सहकार्याने गाड्या तयार होऊ लागल्या. फियाट अकराशे या गाडीला १९७४ पासून पद्मिनी हे नाव मिळाले. चार सिलिंडर, १०८९ घनसेंटीमीटर क्षमता, एक साधा कार्ब्युरेटर आणि पॉइंटवर चालणारी ठिणगी, असा तिचा सुटसुटीत संसार. मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर निवृत्त झाली. त्यांतील काही इंजिने भंगारवाल्यांच्या मार्फत घरगुती गाड्यांत येऊन बसली.

दोषाकडे वळण्यापूर्वी निरोगी इंजिनाची नाडी समजून घेतली पाहिजे. चार फटक्यांच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. पायाने रेस न देता इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल, तर चार सिलिंडर मिळून मिनिटाला १६०० वेळा, म्हणजे सेकंदाला सुमारे सत्तावीस वेळा पेट घेतात. हा ठेका इतका जलद असतो की कानाला तो एकसंध गुणगुणण्यासारखा लागतो. चारांपैकी एकाने दांडी मारली की ठेक्यात खड्डा पडतो, आणि तोच आपल्याला आसनावर धक्क्याच्या रूपाने जाणवतो. वेगात असताना जड चक्राचा जोर हा खड्डा भरून काढतो; संथ फिरताना तो जोर कमी असल्याने लपविता येत नाही.

यावरून तपासणीचा पहिला प्रश्न निघतो. गाडी थरथरते, की इंजिन खरोखर पेट चुकविते? या दोन गोष्टी एक नव्हेत. इंजिन गरम होऊ द्यावे, चोक पूर्ण आत असावा, आणि सायलेन्सरच्या तोंडाशी एक कागदाची पट्टी धरावी. पट्टी एकसारखी फडफडत राहिली तर चारही सिलिंडर आपले काम करीत आहेत. मग थरथर कशाची? तर इंजिन ज्या रबरी माउंटिंगवर बसते ती कडक झाली, चुकीच्या जातीची बसविली, किंवा इंजिन तिरके बसून सायलेन्सरचा पाइप बॉडीला टेकला. बोल्ट थोडे सैल करून, इंजिन हलवून आपल्या जागी बसू द्यावे आणि मग पुन्हा आवळावे. कित्येकदा सारे दुखणे येथेच संपते. पट्टीने मात्र मधूनमधून दचका दिला, तर पेट चुकतो आहे असे समजावे आणि पुढे जावे.

दुसरा प्रश्न: रेस दिल्यावर दोष जातो की राहतो? या एका प्रश्नाच्या उत्तरात निम्मे निदान असते. संथ चालताना कार्ब्युरेटरची झडप जवळजवळ मिटलेली असते आणि इंजिन अगदी थोडी हवा घेते. अशा वेळी गॅस्केटच्या फटीतून किंवा फाटक्या नळीतून जी चोरटी हवा आत शिरते, तिचे प्रमाण मोठे ठरते. तिच्या वाट्याचे पेट्रोल कोणी दिलेलेच नसते. मिश्रण पातळ होते आणि पेटत नाही. रेस दिली की झडप उघडते, खरी हवा भरपूर येते, आणि चोरटी हवा समुद्रातल्या घागरीएवढी होऊन जाते. म्हणून स्लोला दोष आणि रेसवर आराम असेल, तर हवेची गळती किंवा कार्ब्युरेटरचा स्लो जेट यांचा संशय आधी घ्यावा. दोन्हीकडे दोष असेल, तर ठिणगी किंवा सिलिंडरातील दाब यांकडे वळावे.

तिसरा प्रश्न: अपराधी सिलिंडर कोणता? जुन्या पॉइंटच्या गाडीत ही परीक्षा सोपी आहे. रबरी मूठ असलेल्या पकडीने प्लगची एकेक तार क्षणभर काढावी आणि तिचे टोक इंजिनाच्या लोखंडाला टेकवावे. तार काढताच इंजिनाचा वेग पडला, तर तो सिलिंडर कामाचा. काहीच फरक पडला नाही, तर तो आधीच गैरहजर होता. इलेक्ट्रॉनिक पद्धतीच्या नव्या गाड्यांवर हा प्रयोग करू नये. तेथे ठिणगीचा दाब फार असतो आणि महाग उपकरणे निकामी होतात. अपराधी सापडला की त्याचा प्लग शेजारच्या सिलिंडरात घालून पाहावे. दोष प्लगाबरोबर हलला तर प्लग बदलावा. जागचा हलला नाही तर प्लग निर्दोष आहे. प्लगाच्या टोकाचा रंगही बोलका असतो. बिस्किटासारखा तपकिरी असेल तर ठीक, कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त, पांढरट असेल तर हवा जास्त, आणि तेलकट असेल तर पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्हची झीज.

आता आमच्या माहितीतील एक उदाहरण सांगतो. बदलापूरच्या एका गृहस्थाची वडिलोपार्जित पद्मिनी २०१९ च्या पुरात भिजून काही वर्षे उभी होती. पुढे त्याने एका निवृत्त टॅक्सीचे इंजिन आणून बसविले. गाडी स्लोला अडखळू लागली. प्लग बदलले, कॉइल बदलली, शेवटी कार्ब्युरेटर बदलला; प्रत्येक वेळी दोन दिवस बरे वाटे आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तपासणी क्रमाने करायची ठरल्यावर कागदाची पट्टी दचकली, म्हणजे पेट चुकत होता. रेस दिल्यावर दोष जवळजवळ नाहीसा झाला. तारा काढून पाहता शेजारशेजारचे तिसरे आणि चौथे सिलिंडर दुबळे निघाले.

शेजारचे दोन सिलिंडर एकदम दुबळे असले की संशय दोघांवर जातो. एक, त्यांच्या मधले हेड गॅस्केट. दुसरा, त्या बाजूची हवेची गळती. पहिल्याचा निकाल लावण्यासाठी दाब मोजला. चारही प्लग काढून, कॉइलची तार सोडून, रेसचे पेडल पूर्ण दाबून स्टार्टर फिरविला. चारही सिलिंडरांचे आकडे जवळजवळ सारखे आले. सर्वांत कमी आकडा सर्वांत मोठ्या आकड्याच्या पाऊणपटीखाली नसला, तर सामान्यतः काळजीचे कारण नसते. म्हणजे ज्या इंजिनाला सारे शिव्या देत होते, ते इंजिन धडधाकट होते!

मग हवेचा शोध. हातभर रबरी नळीचे एक टोक कानाला लावून दुसरे मॅनिफोल्डच्या सांध्यांवरून, पंख्यापासून जपून, हळूहळू फिरविले. एका ठिकाणी बारीक सुसकारा ऐकू आला. या शतकाच्या आरंभी मुंबईच्या टॅक्सी नैसर्गिक वायूवर आल्या. त्या वेळच्या काही गॅस किटांत मॅनिफोल्डला भोक पाडून एक नळी रेग्युलेटरकडे नेलेली असे. टॅक्सी मोडली, किट निघाले, आणि भोकावर रबराची टोपी चढविली गेली. ती टोपी उन्हातापाने तडकली होती. भोकाला आटे पाडून एक स्क्रू बसविला आणि अडखळणे थांबले. त्या स्क्रूची किंमत मालकाने कार्ब्युरेटरला दिलेल्या पैशांच्या मानाने काय असेल, याची कल्पना आपणच करावी.

तरीही थोडा हिसका शिल्लक होता. गॅस पेट्रोलपेक्षा सावकाश जळतो, म्हणून गॅसवरच्या गाडीत ठिणगी थोडी आधी पडेल असे टायमिंग पुढे ओढून ठेवतात. डिस्ट्रिब्युटर टॅक्सीतला जसाच्या तसा आला होता. पॉइंटची फट मापपट्टीने जुळविली, पेट्रोलच्या मापाने टायमिंग मागे घेतले, आणि मगच कार्ब्युरेटरच्या स्क्रूला हात लावला. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी ठिणगी, नंतर हवा, आणि कार्ब्युरेटर सर्वांत शेवटी. कारण कार्ब्युरेटरच्या स्क्रूने पुष्कळ दोष झाकता येतात, एकही बरा करता येत नाही.

सांध्यांतील आणखी एक सांधा डोळ्यांआड राहतो, तो अर्थिंगच्या पट्टीचा. इंजिन रबरावर बसलेले असल्याने बॉडीशी त्याचा विजेचा संबंध एका जाड पट्टीने जोडलेला असतो. इंजिन उतरविताना ती काढतात आणि चढविताना विसरतात, किंवा गंजावर अथवा रंगावरच आवळतात. मग स्टार्टरचा प्रवाह चोकच्या किंवा रेसच्या केबलमधून वाट काढतो, केबल हाताला गरम लागते आणि ठिणगी दुबळी होते. पुरात भिजलेल्या गाडीत ही पट्टी आणि तिच्या खालचा पत्रा घासून चकचकीत केल्यावाचून पुढे जाऊच नये. पावसाळ्यात रात्रीच्या अंधारात बॉनेट उघडून पाहिले, तर दमट झालेल्या तारांवरून आणि डिस्ट्रिब्युटरच्या टोपीवरून निळ्या ठिणग्या सरपटताना दिसतात. तीच वाया जाणारी ठिणगी प्लगापर्यंत पोहोचत नसते. तारा उलटसुलट लावल्या गेल्या आहेत काय, हेही पाहावे. पद्मिनीच्या सिलिंडरांचा पेटण्याचा क्रम एक, तीन, चार, दोन असा आहे.

इंधनाबद्दल दोन शब्द. आपल्या देशात पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा २०२५ साली गाठला गेला. पेट्रोलच्या एका भागाला जळण्यासाठी वजनाने सुमारे पावणेपंधरा भाग हवा लागते. इथेनॉलला सुमारे नऊ भागच पुरते. जुन्या कार्ब्युरेटरचा जेट जुन्या पेट्रोलच्या मापाने कोरलेला असल्याने आजचे मिश्रण त्याला थोडे पातळ पडते. शिवाय इथेनॉल ओलावा ओढून घेते आणि जुन्या जातीच्या रबराला मानवत नाही. म्हणून इंजिन बदलताना पेट्रोलच्या नळ्याही नव्या, आजच्या इंधनास टिकणाऱ्या घालाव्यात, टाकी धुवावी आणि गाडी महिनोन् महिने भरल्या टाकीने उभी ठेवू नये.

काही हौशी मंडळी इंजिन त्याच जातीचे न आणता दुसऱ्याच जातीचे आणतात. ॲम्बॅसिडरच्या १४८९ घनसेंटीमीटरच्या जुन्या पेट्रोल इंजिनाच्या जागी इसुझूचे १८१७ घनसेंटीमीटरचे इंजिन बसविणे हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. कंपनीने स्वतःच १९९२ पासून ते इंजिन देऊ केले होते. येथे सांध्यांची संख्या दुप्पट होते. कार्ब्युरेटरला चौरस इंचास तीन-चार पौंड दाबाचे पेट्रोल पुरते. इंजेक्शनच्या गाडीचा विजेचा पंप त्याच्या दहापट दाब देऊ शकतो. असा पंप जोडला, तर कार्ब्युरेटरची सुई उचलली जाऊन पेट्रोलचा पूर येतो आणि आगीचे भय निर्माण होते. ब्रेकला मदत करणारी व्हॅक्यूमची नळी ज्या गाडीत असते, तेथे ती नळी गळत असेल तर इंजिन अडखळतेच, पण ब्रेकही जड होतो. अशा वेळी अडखळणे ही नुसती गैरसोय राहत नाही. ती धोक्याची घंटा असते.

धोक्याचा विषय निघाला म्हणून सांगतो. बंद शेडमध्ये किंवा इमारतीखालच्या कोंदट जागेत इंजिन चालू ठेवून तपासणी करू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि तो माणसाला सावध होण्याची संधी देत नाही. गळती शोधण्यासाठी गरम इंजिनावर पेट्रोल शिंपडण्याची काही ठिकाणची रीत तर सरळ सरळ आत्मघातकी आहे. कान आणि रबरी नळी यांनी तेच काम होते. कायद्याची बाजूही विसरू नये. इंजिनाचा क्रमांक नोंदणीपत्रावर असतो, आणि वाहनातील फेरफारांविषयी १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ५२ वे कलम आहे. तेव्हा इंजिन घेताना क्रमांकासह पावती घ्यावी आणि आपल्या कल्याणच्या परिवहन कार्यालयात बदलाची रीतसर नोंद करावी. चोरीचे इंजिन कितीही गोड चालले तरी ते मालकाला एक दिवस रडविल्याशिवाय राहत नाही.

श्रोतेहो, आमचा विषय येथे संपतो. ज्याची गाडी हेच पोटाचे साधन आहे, त्याला एक चुकीचा कार्ब्युरेटर म्हणजे घरातील महिन्याचा किराणा असतो. म्हणून मिस्त्रीबंधूंना आमची विनंती आहे की, एका वेळी एकच गोष्ट बदलावी, तिचा परिणाम पाहावा आणि तो वहीत लिहून ठेवावा. चार गोष्टी एकदम बदलणाऱ्याची गाडी कधी सुरळीत होतेही. पण कशाने झाली हे त्याला कळत नाही, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला तो पुन्हा चारही गोष्टी विकतो. मालकबंधूंना विनंती अशी की, ‘काय बदलले?’ यापेक्षा ‘काय तपासले?’ हे आधी विचारावे, आणि तपासणीची मजुरी देताना हात आखडू नये. ज्या माणसाने अर्धा तास नळी कानाला लावून एक रुपयाही सामानावर खर्च होऊ दिला नाही, त्यानेच आपले अधिक पैसे वाचविले आहेत.